चार नंबरची बग्गी

लोअर परळच्या ज्या गिरणीत जयवंत तावडेच्या बापाने तीस वर्षं विणकामाचे साचे सांभाळले, त्याच जमिनीवर आता तीन टॉवर उभे आहेत आणि जयवंत तिथे बग्ग्या सांभाळतो. गोल्फ कार्ट हे त्यांचं खरं नाव, पण तिथे गोल्फ कुणी खेळत नाही. फाटकापासून टॉवरपर्यंतचा चढ रहिवाशांना चालवत नाही, म्हणून त्या घेतलेल्या. सहा बग्ग्या, आणि सहाही घरात नकोशा झालेल्या म्हाताऱ्यांसारख्या. काम सगळं हवं, औषधपाण्याचं नाव नको.

चौघांच्या बग्गीत सात जण बसायचे. वाढदिवसाच्या पार्टीत पोरं ती पायऱ्यांवरून उतरवायची, एकेकाचे पाय बाहेर लोंबकळत, आणि आया मोबाइलवर त्याचं शूटिंग करायच्या. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तिथे कुणीतरी नळाचं पाणी ओतून मोकळं झालेलं. चार्जिंगचा प्लग काढून त्या जागी कारंज्याचे दिवे लावलेले. जयवंत रोज सकाळी सीट उचलून बॅटऱ्यांवरची पांढरी बुरशी घासायचा आणि मनातल्या मनात शिव्या घालायचा.

चार नंबरच्या ब्रेकची केबल झिजून दोन तारांवर आली होती. उतारावर ती कधीही तुटली असती. त्याने तीन वेळा लेखी अर्ज दिला. मॅनेजर दर वेळी म्हणाला, पुढच्या मीटिंगला बघू. सहाही बग्ग्यांना एकच चावी लागायची, त्यामुळे चावी लपवून उपयोग नव्हता. शेवटी जयवंतने चार नंबरच्या बॅटरीची जोडवायर काढली, तिला लाल चिंधी बांधली आणि हत्यारांच्या पिशवीत टाकली. नवी केबल येईपर्यंत ही गाडी हलणार नाही, एवढं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

दसरा आला. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, त्या बग्ग्या पाइपाने धुतल्या, झेंडूने मढवल्या, ओळीत लावल्या. जयवंतनेही बापाच्या रिवाजाप्रमाणे चटई अंथरली, पिशवी रिकामी करून पाने, पकडी, मीटर मांडले, हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. पिशवीतलं सगळं मांडायचं, तशी ती वायरही मांडली. दसऱ्याला हत्यार उचलायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच उचलायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. चटई तशीच ठेवून तो लालबागच्या चाळीत घरी जेवायला गेला.

मागून मॅनेजरच्या मनात आलं, सहाही बग्ग्यांची फेरी काढू, फोटो छान येतील. चार नंबर सुरू होईना. ड्रायव्हर निलेशला चटईवरची वायर दिसली. त्याने ती जोडली. फेरी झाली, फोटो झाले, रहिवासी वर गेले. तेवढ्यात तिसाव्या मजल्यावरच्या पुरणपोळ्या आटपून राधाबाई खाली उतरल्या. बाया-गडी बग्गीत बसत नाहीत, हा तिथला नियम. अकरा वर्षं राधाबाई तो उतार दुखऱ्या गुडघ्यांनी चालत होत्या.

"सण आहे, मावशी. बसा आज," निलेश म्हणाला.

उताराच्या मध्यावर केबल तुटली. निलेशने उडी मारली. राधाबाईंना मारता आली नाही. बग्गी कारंज्याच्या कठड्यावर आदळली आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी जयवंत अर्जांच्या तिन्ही प्रती घेऊन ऑफिसात उभा राहिला. मॅनेजरने त्या हातातही घेतल्या नाहीत.

"अर्ज राहू दे, तावडे. वायर कुणी बाहेर ठेवली होती?"

दसऱ्याला मांडलेलं हत्यार उचलत नाहीत, हे जयवंतचं उत्तर होतं, पण ते कळायला ती माणसं गिरणीत जन्मायला हवी होती.

सहा महिने न आलेली केबल चौथ्या दिवशी आली, सहाही गाड्यांना पुरेल एवढी. सोबत सहा पाट्याही आल्या: घरकाम करणाऱ्यांना बसण्यास सक्त मनाई. केबल आणि पाट्या दोन्ही बसवायचं काम जयवंतचंच होतं. नोकरी ठेवली, हे उपकार होतेच.

संध्याकाळी तो हॉस्पिटलात गेला. राधाबाईंच्या पायाला वजन बांधलं होतं. त्यांनी त्याला दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसेना. त्यांनी चाळीची चौकशी केली, मग बग्गीची.

"आता लागतो का रे ब्रेक?"

"लागतो, मावशी. नवी केबल घातली."

"बरं झालं. अर्ध्या वाटेपर्यंत छान वाटत होतं बघ, वारा लागत होता." त्यांनी चादर नीट ओढली. "बरी झाले की एकदा पुरता उतार फिरव मला."

जयवंतने मान हलवली. चार नंबरच्या पाटीचे चारही स्क्रू त्याने दुपारीच घट्ट आवळले होते.