एकशे वीस जायचे, एकशे वीस यायचे

मौनी हे त्याचं खरं नाव नाही. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी, म्हणून आमच्या गल्लीने ठेवलेलं. भाड्याने गाडी चालवणं हा त्याचा धंदा. आठवड्यातून तीनदा तो आमच्या ह्यांना डायलिसिससाठी शहरात नेतो. एकशे वीस किलोमीटर जायचे, एकशे वीस यायचे.

डिझेलची गाडी विकून त्याने इलेक्ट्रिक घेतली, तेव्हा मी सरळ म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? एवढ्या लांब हे खेळणं जाणारे?" कंपनी सांगते एका चार्जवर तीनशे किलोमीटर, थंडीत हीटर लावला की दोनशेही मुश्किलीने. पण डिझेलच्या हादऱ्यांनी ह्यांना परतताना उलट्या व्हायच्या, त्या थांबल्या. मग मी तोंड आवरलं. म्हणजे, थोडंसं. हे चार तास मशीनवर असायचे, तेवढा वेळ गाडी हॉस्पिटलमागच्या चार्जरवर. आदल्या संध्याकाळी तो दुसरं भाडंच घ्यायचा नाही. सकाळी बॅटरी भरलेली हवी म्हणून.

गेल्या बुधवारी तो चार्जर बंद होता. दुसरा शहराच्या पार टोकाला, तिथे ही मोठी रांग. मिळालं तेवढं चार्ज करून मौनी निम्म्या बॅटरीवर परत आला. हे थंडीने कुडकुडत होते, बाकावर तरी किती वेळ बसवणार? निघालो.

ह्यांना मागे आडवं केलं, मी पुढे बसले. हीटर जोरात चालू आणि समोरचा आकडा भराभर उतरतोय. चाळीस किलोमीटर गेल्यावर पाहिलं तर साठ किलोमीटरपुरतीच बॅटरी उरलेली, घर ऐंशीवर. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली गाडी आणि आत गारठलेले हे, एवढंच मला दिसायला लागलं. मी हीटर बंद केला. त्याने चालू केला. मी पुन्हा बंद केला. त्याने पुन्हा चालू केला.

"अरे, आकडा बघ की. आम्हाला रस्त्यात सोडणारेस का?"

"वहिनी, आकडा मी बघतो. तुम्ही दादांकडे बघा."

माझा तोलच सुटला. त्याची अक्कल काढली, गाडीला नावं ठेवली, नको नको ते बोलले. तो चालवत राहिला. पंधरा किलोमीटरवर मोठा रस्ता सोडून त्याने एका बैठ्या घरापुढे गाडी लावली. दारात एक बाई उभी होती, त्याची थोरली बहीण. आत पलंग तयार, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. ह्यांना झोपवलं तोवर मौनीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आत घेऊन प्लग लावलासुद्धा. दोन तास लागणार होते. हे पाच मिनिटांत घोरायला लागले.

चहा टाकता टाकता बहीण म्हणाली, "दुपारीच फोन आला होता त्याचा. दादांचा हीटर बंद करता येणार नाही, बॅटरी तुझ्या घरापर्यंतच नीट पुरेल, पलंग तयार ठेव म्हणाला."

"मग मला का नाही सांगितलं? मी वाटेल ते बोलले त्याला."

"त्याचंही सांगून ठेवलंय त्याने," ती हसली. "वहिनी आल्या की रागात असतील, मनावर घेऊ नकोस. घाबरल्या की त्या तशाच बोलतात."

तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. सगळे तापट म्हणतात, हेसुद्धा. त्याचा कप मी स्वतः बाहेर नेला. तो गाडीला टेकून उभा होता.

"मौनी, आज तू होतास म्हणून..." एवढंच म्हणून मी कप पुढे केला.

"असू दे, वहिनी," तो म्हणाला आणि कप घेतला.