निमोण्याची चाल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, भजनी मंडळात तर नाहीच नाही. देवापुढं टाळ धरून उभा राहिलो तवासुद्धा मनातल्या मनात म्हटलं नाही — कारण मनात म्हटलं की अर्धं कबूल झालं, आन् मला अर्धंसुद्धा कबूल करायचं नव्हतं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तेच बरं आहे.

मी निमोण्याचा. शिरूर तालुका. शाळा चौथीपर्यंत, तीही ढकलत. पण भजनात आमच्या भागात माझ्यापुढं कोण बसणार? ही फुशारकीच आहे, ती असू द्या. जमीन काय, भाऊबंदांत सगळ्यांनाच असती. गळा माझ्या एकट्याला होता. माझे गुरू तात्याबुवा, ते जाऊन जमाना झाला. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली — आधी कान, मग तोंड. म्हातारपणी गळा घसरला, दम लागायला लागला, पण कान तसाच राहिला. उलट धारदार झाला.

त्या कानानंच घात केला, असं म्हणणार होतो. पण कान काय करणार? केलं ते मी केलं.

मोतीबिंदू काढल्यावर सुनेनं मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. मला त्यावर लिहिता येत नाही, म्हणून मी फोनला बोलून सांगतो — "मराठी गाणं. नवीन. बाईमाणसाचं." नात हसायची. म्हणायची, "आबा, दरडावू नका त्याला, तो काय तुमचा टाळकरी हाय का?" पण ऐकायचा तो माझं. आन् मी काय करायचो — वर जी गाणी येतात, लाखांनी बघितलेली, ती सोडून द्यायचो. अंगठ्यानं खाली, खाली, आणखी खाली. वखारीतला कांदा वरचा बघून कुणी सौदा करतं का? हात आत घालावा लागतो. तशी खाली अशी माणसं सापडायची — कंपनीची शिफ्ट करून खोलीवर येऊन गाणारी, स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून गाणारी. गाणं स्वतः लिहिलेलं, चाल स्वतः बांधलेली, पाठीशी कुणी नाही, ऐकायलाही कुणी नाही. एखादा मावसभाऊ खाली "मस्त" लिहून गेलेला, तेवढंच.

मला नाद लागला त्याचा. चांगलं सापडलं की देवळाच्या पारावर मंडळींना ऐकवायचो. आमचा पखवाजवाला दिनकर म्हणायचा, "आबा, तुमी म्हंजी गाण्यातलं पाणाडी हाय. नारळ हातावर धरला की खाली पाणी सांगता." मी नुसतं हूं म्हणायचो. आतून फुगायचो.

आन् मग नसरीन सापडली.

दौंडची. रेल्वेच्या वस्तीतली. तिचे वडील रेल्वेत सांधेवाला होते, गाड्यांचे रूळ बदलणारे. रिटायर झाले, घरी बसले, पण शिट्टी ऐकली की अजून बूट शोधतात — असं ते गाणं. तेवढंच. शिट्टी होते, म्हातारा उठतो, खाटेखाली हात घालून बूट शोधतो, लेक म्हणते, अब्बा, ड्युटी संपली. मराठी आपलं तुमचं-माझं, साधं. पेटी पुढ्यात, मागं भांड्यांची मांडणी. पण चाल! तिसऱ्या ओळीला ती वर जाते, आन् तुम्हाला वाटतं आता खाली घरी येणार — ती येत नाही. एका सुरावर थांबून राहते, अखंड. बोलावलेलं माणूस दारात उभं राहावं आन् आत येऊ नये, तशी. त्या जागेला माझ्या अंगावर काटा आला. मी मोटारीला लाईट यायची वाट बघत बांधावर बसलो होतो. लाईट येऊन गेली, मी तिथंच.

आता तुम्ही विचाराल — हे गाणं पारावर ऐकवलं का? बाकीची सगळी ऐकवली, हे ऐकवलं का?

नाही ऐकवलं. तवाच मला कळायला पाहिजे होतं. ज्या मालाची आपण वाच्यता करत नाही, तो माल आपल्याला कशाला पाहिजे असतो?

सप्ताह आला. गावोगावची मंडळं येतात, प्रत्येकाला वाटतं आपलं काहीतरी वेगळं व्हावं. माझा गळा पूर्वीचा नाही हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. मी एक जुना अभंग घेतला आन् नसरीनच्या चालीवर बसवला. चपखल बसला. तिसऱ्या ओळीला वर गेलो, त्या जागेवर थांबायला गेलो — आन् दम तुटला. सूर मधेच मोडला. मी श्वास घेतला, पुन्हा पकडला, पुढं गेलो. मला वाटलं, गेली अब्रू. तर अख्खा मंडप डोलायला लागलेला! लोकांना वाटलं, आबांनी मुद्दाम हुंदका घातला.

खाली उतरल्यावर दुसऱ्या गावचा एक बुवा पाया पडून म्हणाला, "चाल कुणाची, आबा?"

आमच्यात रीत आहे. गुरूचं नाव घ्यायचं तर आधी कानाच्या पाळीला हात लावायचा. मी कानाला हात लावला आन् म्हणालो, "तात्याबुवांची. लई जुनी हाय."

एवढं सोपं होतं ते. तोंडातून गेलं सुद्धा. आन् खरं सांगू का — त्या वेळी मला फारसं वाईट वाटलं नाही. भजनात चालीला मालक कोण विचारतो? या गळ्यातून त्या गळ्यात जाते, तिचं नाव होतं जुनी चाल. असं मी स्वतःला सांगितलं. पण जुनी कशी? ती बाई माझ्या मुलीपेक्षा लहान आहे, दौंडात बसलेली आहे, आन् मला तिचं नाव पाठ आहे.

दिनकरनं व्हिडिओ काढला होता, तो टाकला. तो गेला की हो तालुकाभर! मंडळं ती चाल घ्यायला लागली. "निमोण्याची चाल लावा," असं म्हणायला लागले. आन् सगळे जण तिसऱ्या ओळीला, माझा दम तुटला होता बरोबर तिथं, सूर तोडायला लागले. चांगल्या दमाची जवान पोरं, मुद्दाम श्वास तोडून, डोळे मिटून.

मग दौंडात नव्या गाणाऱ्यांचा कार्यक्रम झाला. नसरीनला पहिल्यांदा कुणी मांडवात बोलावलं होतं. ती बापाचं गाणं गायला लागली तर खालून एक जण ओरडला — ही तर निमोण्याच्या आबांची भजनाची चाल! मी तिथं नव्हतो. फोनवर बघितलं. ती थांबली, इकडंतिकडं बघितलं, पेटी मिटली. व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं, ते नात वाचून दाखवत होती. "आमच्या देवाची चाल चोरली." त्याच्या पुढचं वाचायला तिची जीभ रेटेना. ती म्हणाली, "आबा, लई घाण लिवलंय." मी म्हणालो, राहू दे. चहा पिलो.

पुढच्या गुरुवारी नसरीन आली. बरोबर तिचे वडील, रहीमभाई. दौंडावरून एसटी बदलत बदलत, उन्हाचे. पारावर मंडळी बसलेली, दिनकर होता, मी होतो. त्यांनी भांडण केलं नाही, ते तुम्ही आधी लक्षात घ्या. बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लांबूनच नमस्कार केला आन् म्हणाली, "आबा, लोक तुमचं ऐकतात. तुम्ही फक्त सांगा, ही चाल तुम्ही कुठं ऐकली. मी काय मागायला न्हाई आले."

तिला माहीत होतं? मला अजून कळलेलं नाही. माझ्याकडं बघत होती ती — डोळ्यांत संशय नव्हता, आशा होती. ती जास्त वाईट.

दिनकर म्हणाला, "म्हणून तर दाखवा, बाई." ती तिथंच, पारापुढं उभी राहून, पेटीशिवाय म्हणाली. तिसरी ओळ आली. ती वर गेली आन् थांबली — अखंड, न मोडता, जशी आहे तशी. दारातलं माणूस दारातच.

दिनकर हसला. "चुकलं की! तिथं सूर मोडतो. आबांचं ऐका, म्हंजी कळंल. उचललेल्या चालीचं असंच असतंय, बारकावा ऱ्हातो."

रहीमभाई माझ्याकडं वळले. माझ्याच वयाचे. पायात काळे रेल्वेचे बूट, पॉलिश केलेले. म्हणाले, "आबा, ते गाणं माझ्यावर हाय हो."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मला एक वाक्य बोलायचं होतं. फोन खिशात होता. दाबून दाखवला असता तरी चाललं असतं, बोलायचीही गरज नव्हती. कशाची भीती होती मला? कुणी मारणार होतं का? जमीन जाणार होती का? दिनकर हसला असता, एवढंच. पोरं मागं म्हणाली असती, म्हातारं फोनवरनं चाल उचलतं आन् मेलेल्या गुरूच्या नावावर खपवतं. आन् ते खरंच होतं.

मी कानाच्या पाळीला हात लावला.

म्हणालो, "तात्याबुवांची चाल हाय, बाई. चाल कुणाची नसती. तूबी कुठंतरी भजनात ऐकली असशील ल्हानपणी, डोक्यात बसली असंल. व्हतं असं."

समजुतीच्या आवाजात म्हणालो. वडीलधाऱ्यानं समजावावं तसं. ते मला सगळ्यात जास्त आठवतं — तो माझा आवाज.

रहीमभाईंनी माझ्या हाताकडं बघितलं, कानावरच्या. मग लेकीला म्हणाले, "चल, बेटा. बुजुर्गानं कानाला हात लावला. आता आपण काय बोलणार?" त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या लेकीवर ठेवायचा तो त्या घडीला माझ्यावर ठेवला. एसटीपर्यंत जाताना दोघं शेजारी चालत नव्हते. बाप पुढं, लेक मागं.

दिनकरनं माझ्यासाठी चहा सांगितला. मी पिलो.

गाणं तिनं काढून टाकलं. मी फोनला बोलून बघतो — नसरीन, दौंड, अब्बा, बूट. काही येत नाही. खाली, खाली, अगदी तळापर्यंत जातो. तिची बाकीची गाणीही नाहीत.

निमोण्याची चाल मात्र चालू आहे. परवा सप्ताहात मी पुढं बसलो होतो, गळ्यात हार. पोरं गात होती. तिसऱ्या ओळीला सगळ्यांनी मिळून सूर मोडला, श्वास घेतला, पुन्हा पकडला. लोक डोलले.

ती मोडलेली जागा माझी आहे, माझ्या तुटलेल्या दमाची. तेवढी सोडून सगळी चाल नसरीनची आहे. तात्याबुवांनी ती कधी ऐकलीही नव्हती.