आधी जैनथ, मग हॉलंड

मला हॉलंडला पाठवलं ते माझ्या धाकट्या मावशीने, याबद्दल निदान मावशीच्या मनात तिळमात्र शंका नाही. माझं कॉलेज, पासपोर्टचं कार्यालय, व्हिसावाले, विमान कंपनी ही सगळी मंडळी तिच्या मते तिच्याच हाताखाली राबत होती, आणि त्यातली बरीचशी कामचुकार होती. तेलंगणात, आदिलाबादकडे, जैनथजवळच्या एका गावात तिचं दीड एकर भाजीचं रान आहे. चहूकडे कापूस आणि सोयाबीन, आणि मधोमध मावशीची वांगी, टमाटे, मिरच्या. "कापूस काऊन नाई लावत?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "कापूस वर्षातून एक डाव बोलते. मले रोज बोलणारं पायजे." रोज बोलणारं तिला घरात मिळण्याची सोय नव्हती, कारण मावसाजींनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बोलण्याचं खातं तिच्याकडे सोपवून टाकलं होतं. आदिलाबादच्या बाजारात ती व्यापाऱ्यांशी तेलुगूत भांडते, ऑटोवाल्यांशी हिंदीत आणि कचेरीत गेली की निजामाच्या काळातल्या उर्दूत. व्याकरण मात्र सगळीकडे वऱ्हाडीच. झाडांशी तर ती दिवसभर बोलते. पण वांग्यांसमोर त्यांच्या किडीचा विषय काढायची सक्त मनाई आहे. एकदा शेतकी खात्याचे साहेब पाहणीला आले आणि वाफ्यात उभे राहून खणखणीत आवाजात शेंडेअळीबद्दल सांगू लागले. मावशीने त्यांना चक्क दंडाला धरून बांधापलीकडे नेलं. "हं, आता बोला साहेब. तिकडं थे ऐकतेत ना!"

मी फळबाग आणि भाजीपाला शास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा कॉलेजने सहा महिन्यांच्या कामासाठी हॉलंडला जाणाऱ्यांत माझं नाव सुचवलं. टमाट्याच्या मोठ्या काचगृहात काम करायचं होतं. फक्त तिथली मालकीण व्हिडिओ कॉलवर बोलून शेवटचा निर्णय घेणार होती. आदिलाबादला आमचं वह्यापुस्तकांचं दुकान. घरात जो तो माझ्या थंडीची, जेवणाची, स्वेटरची काळजी करू लागला. मावशी वांग्यांची पिशवी घेऊन आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "थे सगळं जाऊ दे. काम काय हाये थे सांग."

मी सांगितलं, झाडं बांधायची, बगलफुटी म्हणजे पानांच्या बेचक्यातले जादा फुटवे काढायचे, तोडणी करायची.

"आजवर किती झाडं बांधली वं तू?"

मी माझे गुण सांगितले. मावशीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारलं, "झाडं किती?" खरं सांगायचं तर कॉलेजच्या प्रात्यक्षिकात झाडं माझी मैत्रीण बांधायची आणि मी वहीत लिहायचे. त्याच दुपारी दोन जोड कपड्यांसह मी जैनथच्या बसमध्ये होते.

पुढचा महिना मी मावशीच्या शेतात काढला. सकाळी उजाडलं की ओळीत उभं राहायचं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी झाड काठीला बांधायचं, पण गाठ अशी की देठाला वाढायला जागा राहिली पाहिजे. "गळा नोको आवळू त्याचा, कंबर धर," असं ती ओरडायची, आणि हे शेजारच्या शेतातल्या बायकांनाही ऐकू जायचं. मी तिला हॉलंडची माहिती पुरवत होते. तिथे परागीभवनासाठी काचगृहात भुंग्यांच्या पेट्या विकत आणून ठेवतात, हे ऐकून ती इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. "आपल्या इथं फुकट येतेत, अन् मी हाकलून राह्यली!" पण तिथले टमाटे मातीत नसतात, पिशव्यांत वाढतात, हे कळल्यावर मात्र ती गंभीर झाली. "मातीच नाई? मंग टमाट्याले आपण कोनत्या गावचे थे कसं समजन वं?"

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हाताला वेग आला आणि त्या वेगाने घात केला. बगलफुटी म्हणून मी एका अख्ख्या ओळीचे मुख्य शेंडेच खुडून टाकले. शेवटच्या झाडापाशी मागे वळून पाहिलं तेव्हा सगळी ओळ बोडकी दिसत होती. मी मावशीला हाक मारली आणि डोळे मिटून उभी राहिले. ती आली, ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि म्हणाली, "चाल, चहा पिऊ." चहा झाल्यावर तिने मला प्रत्येक झाडाचा खालचा एक जोमदार फुटवा राखायला लावला. "आता हाच शेंडा. याले काठी दे. आठ दिवस उशीर होईन, दुसरं काय!"

मध्ये पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस शिपाई येणार म्हणून मी दोन दिवस आदिलाबादला गेले, तर मावशीही मागोमाग हजर. बिचाऱ्या शिपायाने रीतीप्रमाणे विचारलं, मुलीवर काही केस वगैरे? मावशीला खोटं बोलणं जमत नाही. तिने तेलुगूत सुरुवात करून, सातव्या वर्षी मी शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडावर घातलेल्या दरोड्यापासून सगळा तपशील दिला. बाबा कोपऱ्यात घाम पुसत होते. शिपाई पोट धरून हसला, चहा प्यायला आणि जाताना मावशीकडून वांग्याच्या भरताची कृती घेऊन गेला.

मालकिणीशी बोलणं आदिलाबादला घरी, नव्या पडद्यासमोर बसून करायचं ठरलं होतं. मी उत्तरंही पाठ केली होती. पण आदल्या दिवशीच सकाळी निरोप आला, की आज दुपारीच बोलू. मी शेतात होते आणि बस निघून गेलेली. नेटवर्क फक्त विहिरीजवळच्या उंच बांधावर यायचं. मावशीने टमाट्याचं कॅरेट उपडं टाकून मला बसवलं, फोन काठीला चिंधीने बांधला, आणि स्वतः फोनच्या मागे परीक्षकासारखी उभी राहिली.

मालकीण पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली बाई होती. पहिली दोन उत्तरं ठीक गेली. मग तिने विचारलं, "कामात तुझ्याकडून झालेली एखादी मोठी चूक सांग." माझ्या पाठांतरात फक्त शोभेच्या चुका होत्या, आणि त्याही नेमक्या त्या क्षणी आठवेनात. हे सगळं गेलं, असं मला वाटलं.

"काय इचारून राह्यली वं थे?" मावशी.

मी पुटपुटत सांगितलं.

"मंग सांग ना! अख्खी ओळ बोडकी केली थे!"

मी सांगितलं. कुठलाही शब्द न सजवता, बोडक्या ओळीपर्यंत सगळं. मालकीण पुढे झुकली. "मग तुझ्या मावशीने काय केलं?" मी फोन काठीवरून सोडला आणि त्याचं तोंड मावशीकडे फिरवलं. पुढची वीस मिनिटं मी फक्त दुभाषी होते. चहाचं ऐकून मालकीण हसली, आणि फुटव्याचं ऐकून तिने टाळी वाजवली. त्यांच्याकडेही अगदी तसंच करतात, म्हणाली. मग मावशीने तिला गाठ दाखवली, तिने मावशीला झाड दोरीला अडकवायची आपली प्लास्टिकची क्लिप दाखवली. "बरी हाये," मावशी म्हणाली, "पण धुवून दुसऱ्यांदा वापरता येते का म्हना." आठवड्याने होकार आला. मावशी त्याला 'हुकूम' म्हणायची आणि बसमध्ये अनोळखी लोकांना सांगायची.

सामान भरताना तिने माझ्या बॅगेत वांग्याच्या बियांची पुडी ठेवली. मी ती काढून परत दिली; परदेशात बी न्यायला मनाई आहे, म्हटलं. तिने पुडी कनवटीला लावली. "बियाले मनाई," ती म्हणाली, "अन् पोरगी नेली तं चालते त्याह्यले."

निघायच्या दिवशी आठवडी बाजार होता, त्यामुळे ती आली नाही. पण सकाळी हैदराबादची बस आदिलाबादबाहेर पडली आणि फोन वाजला. "गुडीहत्नूर आलं का? तिथं चहा चांगला भेटते, उतरू नोको पन." मग इच्चोड्याला फोन, मग नेरडीगोंड्याला. मागे गिऱ्हाइकांचा कालवा, आणि त्यात मावशी मला रस्ता सांगत होती. आता घाट येईन, डाव्या खिडकीतून पाह्य, जंगल लई छान हाये. आता उतार लागन. प्रत्येक वळण तिला पाठ होतं. निर्मल आलं तेव्हा फोन करून ती म्हणाली, "नणंदेच्या लग्नाले आल्ती मी इथवर." मग कुणाला तरी वांगी तोलून दिली.

"याच्या पुढचं मले माईत नाई वं. आता तू सांगत जाय."

थोड्या वेळाने गोदावरीचा पूल आला. मी फोन लावला आणि पाणी किती आहे, इथपासून सांगायला सुरुवात केली.