मावशींची दिवाळी

ओवीला सांभाळणाऱ्या सुमनताई दिवाळीसाठी गावी निघाल्या होत्या. बोनस लेकराच्या हातून दिला की त्यातला कोरडेपणा जातो, असं मला वाटतं. म्हणून मी पाकीट चार वर्षांच्या ओवीकडे दिलं. तिनं ते पाठीमागे लपवलं.

"दिलं की मावशी जाणार," ती म्हणाली.

सुमनताई पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर बसल्या. "गावाला माझी पिंकी वाट बघतीय ना."

"तिला कोण सांभाळतं?"

"तिची आजी."

पिंकीच्या वाटची माया वर्षभर आमच्या घरी येते, हे मलाही तेव्हाच उमगलं. मग ओवीनं हळूच पाकीट पुढे केलं.

"आता तू सांभाळ तिला."

सुमनताईंनी पाकिटाआधी तिलाच जवळ घेतलं.