गळ्याची गाठ आणि चहाआधीची प्रार्थना

"गाठ काढावी लागेल. रिपोर्ट सस्पिशियस आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सस्पिशियस म्हणजे संशय आहे, कॅन्सर असू शकतो, हे त्यांनीच मग सांगितलं. माझे मिस्टर बाजूला उभे होते, त्यांनी माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. तेवढंच त्यांना सुचलं.

मी चौथी शिकलेली. हे कोणाला दाखवेन की नाही, माहीत नाही. पण गळ्यात गाठ निघाली म्हणून एखादी बहीण घाबरून बसली असेल, तर तिच्यासाठी लिहून ठेवते.

मंगळसूत्र धुवायला काढलं तेव्हा गाठ हाताला लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी कितीतरी दिवस कोणाला बोलले नाही. मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांनी घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एफएनएसी केली. म्हणजे गाठीत बारीक सुई घालून आतलं थोडं तपासायला काढतात. फार दुखत नाही. फक्त गिळू नका म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं.

ही गाठ थायरॉइडची होती. गळ्याच्या पुढच्या बाजूला ती ग्रंथी असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाजाची नस तिच्या मागून जाते आणि तुमची गाठ नसेला चिकटलेली दिसतेय. आम्ही जपूनच करू. पण आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो, एखाद्याचा नाही येत." मग विचारलं, "तुम्ही गाता का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांची साखळी प्रार्थना असते. हात धरून गोल बसायचं आणि एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची. जिला बोलायचं नाही तिने शेजारणीचा हात दाबायचा, की पाळी पुढे जाते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हातच दाबत आले. चारचौघांत तोंड उघडलं की माझे कान तापतात. घरी येऊन ह्यांना सांगायचे, आज पण दाबला. आणि आम्ही हसायचो.

सुलोचनाबाई माझ्या शेजारी बसतात. ऑपरेशनचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, तुझा आवाज गेला तर आम्हाला कळणार कसं? आहे तो तरी कुठे ऐकलाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना रिक्षात तेच डोक्यात राहिलं. प्रभूने दिलेला आवाज मी त्याच्यासमोर कधी काढलाच नाही. आणि आता काढावासा वाटला, तर तो उरेल की नाही?

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई वाकून म्हणत होत्या, "नाव सांगा. तुमचं नाव." मी तोंड उघडलं. नुसती हवा आली. "सूज असेल. थांबू या," त्या म्हणाल्या. गळ्याला ड्रेन लावलेला होता, म्हणजे आतलं रक्त बाहेर यायला नळी. मी त्या नळीच्या बाटलीकडे बघत पडून राहायचे आणि मनात फक्त प्रभू, प्रभू म्हणायचे. त्यापुढे काही सुचायचं नाही.

नळी काढून घरी सोडलं. आवाज अजून नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. प्रार्थना नेहमी हेच करतात. "हे प्रभू, आजच्या दिवसाबद्दल तुझे उपकार," इथपर्यंत आले आणि अडकले. पुढे जाईना. मग त्यांनी माझा हात दाबला.

पाळी माझ्याकडे आली. माझ्या पुढे कोणी नव्हतं.

मी ओठ हलवले. नळी निघाली, उपकार. पेज गिळता आली, उपकार. हे शेजारी आहेत, उपकार. आवाज नाही, पण श्वास आहे, तोही तुझाच. माझ्या कानालाही काही ऐकू येत नव्हतं.

मी थांबले, आणि त्याच क्षणी हे म्हणाले, "आमेन."

मी डोळे उघडून पाहिलं. ह्यांचे डोळे मिटलेले होते. संपलं, हे त्यांना कसं कळलं? मी अजून त्यांना विचारलेलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी मनातली प्रार्थना वर पोचत असेल, पण मोठ्याने करणाऱ्यांच्या मागून. त्या दिवसापासून तसं वाटत नाही.

बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीत, कॅन्सर निघाला. पण लहान होता आणि सगळा काढला गेला. तपासण्या चालू राहतील. आवाज एका सकाळी आला. "अहो, दूध!" मी ओरडले. जाडा, घोगरा आवाज. हे धावत आले, पण गॅस बंद करायचा सोडून माझ्याकडेच बघत राहिले. "परत बोल ना," म्हणाले. दूध सगळं ओट्यावर.

गाठीबरोबर ती ग्रंथीही काढली, म्हणून आता रोज उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची आणि अर्धा तास चहा प्यायचा नाही. हे जन्मभर. बहिणी, तुलाही गोळी लागली तर कंटाळू नकोस. मला तो अर्धा तास फार आवडतो. खिडकीत कावळा येतो, खाली पाण्याची मोटर सुरू होते. आणि मी मोठ्याने प्रार्थना करते, ह्या घोगऱ्या आवाजात.

सभेत मी अजून हात दाबते. सुलोचनाबाई डोळे वटारतात. लाज काही ऑपरेशनने निघत नाही.

ह्यांना गोळी नाही, पण चहा तेही माझ्याबरोबरच घेतात. तोवर शेजारी बसून राहतात, डोळे मिटून. मी थांबले की आमेन म्हणतात. एकदाही चुकले नाहीत.