रेवजीची कबुली

धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर रेवजी पावरा एकटाच राहायचा. तुरीच्या आडोशाने लावलेली त्याची गांजाची झाडं पोलिसांना सापडली. कोर्टात न्यायाधीशांनी दोनदा समजावून विचारलं, गुन्हा कबूल आहे का? रेवजी ताठ मानेने हो म्हणाला. सहा वर्षांची शिक्षा झाली.

अपिलासाठी सरकारने मला त्याची वकील नेमलं. तुरुंगात गेले ती चिडूनच. म्हटलं, "रेवजीभाऊ, कबुली देऊन बसलात. आता फक्त शिक्षा कमी करा, एवढंच मागता येईल. गप्प राहायला काय झालं होतं?"

तो अडखळत्या मराठीत म्हणाला, "आमच्या पंचात खोटं बोलला तर माणूस वाळीत. खरं बोलला तर दंडाचा बोकड द्यायचा, मग पंचच हात धरून जेवायला बसवतात. तिथं सगळं मिटतं."

त्याच्या बराकीत त्याची पावरी बोली बोलणारं कुणीच नाही. अर्जावर अंगठा उठवून त्याने शाई सदऱ्याला पुसली.

"त्या दिवशी कोर्टात हो बोललो अन् वाट बघत उभा राहिलो, मॅडम. सगळे उठून आपापले जेवायला गेले."