ज्ञानोबांचे स्पीकर

राजधानीतल्या पालमच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर ज्ञानोबा एकटेच राहतात. सैन्यात वायरलेसची दुरुस्ती केली, निवृत्त झाल्यावर गावी परतायचं ठरवलं आणि निघेनिघेपर्यंत बायको गेली. माणूस तिरसट. गप्पा मारता येत नाहीत, समजावून सांगायची मात्र भारी हौस. त्यामुळे लोक कामापुरतेच जात, आणि काम निघे वर्षातून एकदा.

छावणीतल्या मराठी जवानांच्या गणपती मंडळाचे जुने स्पीकर उत्सवाआधी त्यांच्याकडे येत. धुळीतला लोखंडाचा कीस स्पीकरमधल्या लोहचुंबकाला चिकटला की आरती खरखरते. कितीही फुंकर मारा, तो हलत नाही. चिकटपट्टीने टिपून काढावा लागतो. ज्ञानोबा टिपत बसत आणि जवान भोवती कोंडाळं करून चहा पीत. एकदा चुंबकाची चकती पडून दुभंगली. जयदीप नावाचा जवान तुकडे जुळवू लागला, तर ते एकमेकांना ढकलायला लागले.

"काका, हे तर रुसले यार!"

"रुसतील नाही तर काय? तुटला की प्रत्येक तुकडा आपला आपण पुरा चुंबक होतो. दोघांचेही उत्तर ध्रुव एकाच बाजूला आलेत, ते एकमेकांना लांबच लोटणार. एक उलटा कर, बघ कसा धावत येतो."

तुकडा खरंच धावत आला, जयदीपचं बोट चिमटलं आणि सगळे हसून हसून बेजार झाले. शेवटी ज्ञानोबांनी दोन्ही तुकडे दोरीने आवळून मूळच्या बाजूनेच चिकटवले. त्या घरात एरवी वर्षभर कुणी हसत नसे.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले, चुंबक छातीपासून हातभर लांब ठेवा, मोबाईल वरच्या खिशात नको. बस, एवढंच. पण नोएडाची लेक माधवी एवढ्यावर थांबते होय! तिने घरातले सगळे स्पीकर भंगारात दिले, फ्रिजवरचे चुंबकही काढून नेले आणि मंडळात फोन केला, "बाबांच्या जवळ चुंबकवालं काहीही नेऊ नका, प्लीज." काळजीपोटीच केलं, म्हणून तिच्यावर रागावताही येईना. राग तर आलाच होता.

ज्ञानोबा गप्प बसले नाहीत. त्यांनी लांब काडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला वाटी ठेवून त्यातला रवा टिपायचा सराव केला. हातभर अंतरावरून काम छान जमत होतं. गणपती जवळ आले तसे ते जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसू लागले. चहापत्तीचा मोठा पुडा आणला. कुणी आलं नाही. मंडळाने नवा स्पीकर घेतला होता.

पहिल्या आरतीनंतर जयदीप प्रसाद घेऊन आला. उंबऱ्याबाहेरच थांबला आणि हात होता नव्हता तेवढा लांब करून त्याने पुडी पुढे धरली.

"अरे, आत तर ये. चहा टाकतो."

"नको काका, खिशात मोबाईल आहे. माधवीताईंनी सांगितलंय ना. उगाच रिस्क कशाला? अच्छा, येतो, जपा हं."

तो भराभर जिना उतरला. ज्ञानोबा पुडी धरून दारातच उभे राहिले. मग कठड्यावरून वाकून त्यांनी हाक मारली, जन्मात कुणाला मारली नसेल अशी.

"अरे, शेजारी बसलास तरी मला काही होत नाही रे!"

खाली मोटारसायकल सुरू झाली होती.